दारामागचं नववं पर्व

कडीकाकांनी आयुष्यात दारं पुष्कळ केली, पण ज्याच्यामागे घरच नाही असं दार एकच केलं. पुढून बघाल तर काय थाट! गडद पॉलिश, पितळी कडी, साखळी, वर तोरण. आणि मागून? मागून नुसता प्लायवूड, पेन्सिलीच्या खुणा, लोंबकळणाऱ्या वायरी आणि एक खुंटी. त्या खुंटीला काकांची पिशवी. 'बसा, आलेच!' नावाच्या विनोदी मालिकेतल्या घराचं हे पुढचं दार. त्याच्या मागे जेमतेम दोन स्टुलं मावतील एवढं बोळकांडं होतं आणि त्या बोळकांड्यात काकांनी मालिकेची आठ पर्वं काढली होती. नववं चालू होतं.

आता सुतार म्हटला की तो दार करतो, पैसे घेतो आणि आपल्या वाटेने जातो. हे गृहस्थ दारामागे राहिले कसे, त्याची एक गंमत आहे. ही मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायची. समोर खुर्च्यांवर दोनेकशे माणसं बसलेली असायची, त्यामुळे हशाही खरा, डब्यातून काढून ओतलेला नाही. तर अगदी पहिल्या भागाच्या वेळी घरधन्याचं काम करणारे नट बाहेरून आत यायला निघाले आणि दार अडलं. नवं लाकूड, फुगलं होतं. नटाने ढकललं, लाथ मारली, शेवटी खांदा लावला, तेव्हा दार जागचं हललं नाही, भिंत हलली! लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. तेव्हाच्या म्हाताऱ्या दिग्दर्शकांनी काकांना बोलावणं पाठवलं.

"सुतारबुवा, तुमच्या दाराने पहिला हशा घेतला. अभिनंदन. आता ते नीट करा."

काकांनी रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि निघाले.

"कुठे चाललात? मागेच थांबा. परत अडलं तर?"

"नाही अडायचं, साहेब."

"थांबा हो. दाराचा काय भरवसा?"

दार परत कधी अडलं नाही, पण काकांना 'आता जा' म्हणायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. मागे बसलेल्या माणसाला काम चिकटतंच. आतून कुठलं वाक्य आलं की बाहेरच्या कुणाला आत सोडायचं, हे हळूहळू त्यांच्याकडे आलं. ते एका हाताने कडी धरून कान लावून बसत आणि वाक्य पडलं की दार उघडत. कुणाची छत्री, कुणाचा चष्मा, कुणाच्या केसात अडकलेला कंगवा, सगळं दारातून जाण्याआधी काकांच्या नजरेखालून जाई. एकदा डॉक्टर झालेला नट आपली बॅगच विसरला. वाक्य तर पडलेलं. काकांनी खुंटीवरची स्वतःची पिशवी त्याच्या हातात कोंबली. त्याने आत जाऊन मोठ्या ऐटीत पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली करवत! पेशंट झालेला माणूस खाटेवरून उठून खरोखरच पळाला. तो प्रसंग लोक अजून एकमेकांना सांगतात. काका मात्र सांगत नसत. "करवतीचे दात बोथट झाले त्या दिवशी," एवढंच म्हणत.

कडीवर सारखा हात म्हणून ते कडीकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं.

पण बोळकांड्यात काका एकटे नसत. दुसऱ्या स्टुलावर वाटीवाले असत.

वाटीवाले म्हणजे मालिकेतले शेजारी. दर भागात एकदा ते रिकामी वाटी घेऊन साखर मागायला येणार, हे ठरलेलं. कधी? तर घरात चांगला गोंधळ माजलेला असताना. कपाटात कोणी लपलेलं असायचं, सोफ्याखाली पत्र असायचं, आणि घरधनी कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, "आता कोणी आलं नाही म्हणजे मिळवली!" ते वाक्य पडायला आणि काकांनी दार उघडायला एकच गाठ पडायची. दारात वाटी पुढे धरून वाटीवाले. "वहिनी, आहे का थोडी?" की झालं, छप्पर उडायचं. वाक्य तेच, वाटी तीच, माणूस तोच. पण बिचारा कधी कपाटातल्या माणसालाच नमस्कार करायचा, कधी सोफ्याखालचं पत्र उचलून 'तुमचं पडलंय' म्हणून नको त्याच्या हातात द्यायचा. गोंधळ त्याला दिसायचाच नाही. त्याला फक्त साखर हवी असायची.

खऱ्या आयुष्यात हा माणूस कमालीचा गप्प. चहा बिनसाखरेचा! दोघे दोन-दोन तास बोळकांड्यात बसून राहत. कुजबुजतच बोलावं लागे, म्हणून त्यांचा मोठा आवाज काकांना फक्त दारापलीकडून ऐकू येई. आल्याच्या गोळ्यांची एक चपटी डबी दोघांत फिरे. वाक्य जवळ आलं की वाटीवाले उठत आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवत. काका कडी सरकवत. एवढीच त्यांची दोस्ती. एकमेकांच्या घरी जाणं नाही, येणं नाही. पण रोज ज्याच्या खांद्यावर हात ठेवून माणूस उजेडात जातो, त्याला काय म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा.

आठवं पर्व संपलं, सुट्टी लागली आणि सुट्टीतच वाटीवाले गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

नवव्या पर्वाच्या पहिल्याच भागात मालिकेने ते एका वाक्यात उरकलं. "शेजारचे होय? ते मुलीकडे राहायला गेले." त्यावर लगेच एक विनोद, आणि पुढे चला. शेजारी नवा माणूस आला. उंचापुरा, आवाज असा की पलीकडच्या स्टुडिओतलं चित्रीकरण थांबावं. पडद्यामागे सगळे त्याला भोंगा म्हणायला लागले आणि त्यालाही ते आवडलं. मनाने चांगला होता, खोटं कशाला बोला. पण बोळकांड्यात तो बसत नसे, उड्या मारत असे. "काका, अंगात करंट पाहिजे, करंट!"

दिग्दर्शकही नव्या आल्या होत्या. काकांच्या मुलीच्या वयाच्या, चटपटीत, बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्या दारामागे डोकावल्या.

"काका, तुम्ही इथे नेमकं काय करता?"

"दार उघडतो."

"नट स्वतः नाही उघडू शकत?"

"शकतील की. हात आहेत त्यांना."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, दुसरीकडे सगळीकडे लाल दिवा असतो. वाक्य पडलं की आतून बटण दाबतात, दिवा लागतो, नट आत जातो. चूक व्हायचा प्रश्नच नाही. "हे पर्व होऊ दे, मग बघू." वर खांद्यावर थोपटून गेल्या. काकांना पैशाची तितकी चिंता नव्हती, मुलगी कमावती होती. पण त्या बोळकांड्याबाहेर आपण कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. घरी बसलो तर बायको आधी दोन दिवस लाड करील आणि तिसऱ्या दिवशी आपल्यावर धूळ पुसायचा फडका फिरवील, अशी त्यांची खात्री होती. चूक होता कामा नये. हे पर्व एक चूक न होता गेलं पाहिजे.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण या मालिकेचा खरा दरारा तिथे होता. काकू लोकांचे कपडे इस्त्रीला घ्यायच्या. संध्याकाळी टीव्हीसमोर टेबल मांडायचं, डाव्या हाताला चुरगळलेला ढीग, उजव्या हाताला घड्यांचा, आणि मध्ये 'बसा, आलेच!'. त्यांची परीक्षा सोपी होती. भाग बरा असला की त्या मान हलवत. चांगला असला की इस्त्रीचा हात थांबे. आणि दुसऱ्या पर्वात, घरातल्या बाईला माहेरून नवरा न्यायला येतो आणि दोघेही भांडणाचं कारण विसरलेले असतात, तो भाग चालू असताना एका वकिलाचा पांढरा शर्ट जळाला होता. काकूंनी भरपाई दिली, पण त्या शर्टाचं नाव त्या अजून आदराने घेत.

नवव्या पर्वात मात्र शर्टांना काही धोका नव्हता.

"कसं वाटलं?" काका विचारत.

"आवाज फार आहे." इस्त्री सुर्रकन पुढे जाई. "पूर्वी माणसं भांडायची. आता नुसती ओरडतात. त्या घरधन्याचं तर काय झालंय कळत नाही. आधी तो माणूस भित्रा होता म्हणून खोटं बोलायचा. आता खोटं बोलायचं असतं म्हणून बोलतो."

"लोक हसतात की."

"हसतात हो. दार उघडायच्या आधीच टाळ्या वाजवतात. कोण आलंय हे बघून तरी वाजवा! आणि ते बाळ कशाला आणलं? पाळण्यात ठेवलंय आणि विसरलेत. मागल्या भागात आई-बाप दोघे सिनेमाला गेले, बाळ कोणाकडे होतं?"

बाळ म्हणजे कापडी बाहुली होती आणि त्या दिवशी ती काकांच्या स्टुलावर होती.

"मग काहीच बरं नाही म्हण ना."

इथे काकू थांबायच्या. न्यायाला पक्क्या. "तसं नाही. ती वहिनी बघा. आधी नवऱ्यावर डोळे वटारायची. आता नुसती बघते आणि चहाचा कप त्याच्यापुढून उचलून घेते. नऊ वर्षं संसार केल्याशिवाय बाईला असा कप उचलता येत नाही. हे नव्या मालिकेवाल्यांना कुठून जमणार? जुनं असण्यात एवढं आहे. पण तेवढं दाखवतायत कुठे? अर्धा मिनिट. की आलाच तुमचा भोंगा."

काकांना राग यायचा. आपल्या घराला आपण हजार नावं ठेवू, पण दुसऱ्याने ठेवू नये, तसं. आणि ही तर स्वतःची बायको! पण रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना तो कप आठवायचा.

अशा पर्वाच्या मध्यावर ती चूक झाली.

चूक एकट्याची नव्हती, दोघांची होती. त्या दिवशी गोंधळ असा होता की घरधन्याने ऑफिसला दांडी मारलेली आणि साहेब न्हाणीघरात अडकलेले. मालकांनी घाम पुसत म्हणायचं होतं, "आता बेल वाजली तर माझं काही खरं नाही." मग बेल, मग भोंगा. मालक हे म्हणजे घरधन्याचं काम करणारे नट, दार अडलेलं तेच. आठ वर्षं ज्या जागी, ज्या घामाला एकच वाक्य म्हटलं, तिथे जीभ जुन्या वाटेला लागली. मालक म्हणाले, "आता कोणी आलं नाही म्हणजे मिळवली!"

आणि दारामागे काकांचा हात गेला.

त्यांनी उघडलं नाही. म्हणजे त्यांनी ठरवून उघडलं नाही. खांद्यावर कोणाचा हात नव्हता, शेजारचं स्टूल रिकामं होतं, भोंगा अजून पलीकडे पाणी पीत होता. पण कानाने ऐकलं आणि हाताने केलं, मधे डोकं कुठे आलंच नाही. दार सताड उघडलं.

दारात कोणी नव्हतं.

बाहेर रंगवलेला जिना, एक कुंडी, आणि उजेड. प्रेक्षकांतले जुने लोक वाक्य ऐकताच हसायला लागले होते. त्यांचं तोंडही सवयीचंच. ते हसू निम्म्यावर आलं आणि तिथेच तुटलं. इतक्या माणसांचं हसू एकदम तुटलं की त्याचा आवाज कसा होतो, ते दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या काकांनी ऐकलं. गेली नोकरी.

आत मालक उभे. रुमाल कपाळावर तसाच. वहिनी ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या. त्या थांबल्या. दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ट्रे ठेवला, फडताळातला साखरेचा डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं, आणि डबा घेऊन दारापर्यंत आल्या. काका त्यांच्यापासून हातभर होते, पण त्यांनी काकांकडे बघितलं नाही. जिन्याकडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"आहे हो. आज भरपूर आहे."

आणि दार तसंच अर्धवट लोटून परत गेल्या. मालक सोफ्यावर बसले. न्हाणीघरातून साहेबाने दार ठोठावलं, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. प्रेक्षकांत कोणीतरी नाक ओढलं. मग बाईंनी थांबायला सांगितलं.

"दार कोणी उघडलं?"

"मी," काका बाहेर आले.

"भोंगा तयार नव्हता. बेल झाली नव्हती. का उघडलंत?"

"हात गेला."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मालकांकडे. मालक जमिनीकडे बघत होते. "ठीक आहे. परत घेऊ," बाई म्हणाल्या. परत घेतलं. बरोबर वाक्य, बेल, भोंगा, हशा, टाळ्या. एकही चूक नाही. काकांनी खुंटीवरची पिशवी काढली तेव्हा खुंटीला त्यांनी एकदा हात लावला. निरोपच घेतला म्हणा ना.

काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. तो भाग टीव्हीवर यायचा होता, त्या संध्याकाळी ते उगीच खिडकीशी उभे राहिले. टीव्हीतून आवाज येत होते. साहेब न्हाणीघरात अडकले. आता बेल, असं म्हणून काकांनी कान टवकारले. बेल आली नाही. मालकांचा आवाज आला. "आता कोणी आलं नाही म्हणजे मिळवली!"

काका वळले. बाईंनी चूक ठेवली होती! पडद्यावर आपलं दार उघडं होतं आणि त्यात कोणी नव्हतं. वहिनी साखरेचा डबा घेऊन येत होत्या. आणि काकांच्या नाकाला वास आला.

"अगं! शर्ट!"

काकूंनी दचकून इस्त्री उचलली. निळ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. काकू शर्टाकडे बघत नव्हत्याच. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ते मुलीकडे गेले, मुलीकडे गेले, म्हणून किती दिवस थापा मारत होते मेले. आज सांगितलं एकदाचं."

"माझी चूक होती ती," काका म्हणाले.

"असू दे. शर्टाचं मी बघते."

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत जो तो काकांशी बोलायला येई. फोन आले होते म्हणे, वरचे लोक खूश होते, कितीतरी दिवसांनी मालिकेचं कौतुक छापून आलं होतं. बाई स्वतः बोळकांड्यात आल्या आणि वाटीवाल्यांच्या स्टुलावर बसल्या.

"खरं सांगा काका, मुद्दाम केलंत ना?"

इथे काकांना 'हो' म्हणायचा मोह झाला. 'हो' म्हटलं असतं तर ते कलाकार ठरत होते. 'नाही' म्हटलं तर हात ताब्यात नसलेला म्हातारा. पण आठ वर्षं ज्या स्टुलावर खोटं कोणी बोललं नव्हतं, त्या स्टुलासमोर त्यांना जमेना.

"नाही हो. चुकलोच."

"हरकत नाही. दिव्याचं मी रद्द केलंय. यापुढे दर भागात एकदा ते वाक्य येणार, आणि दार रिकामं उघडणार. ते तुम्ही उघडायचं. तुमच्यासारखं दिव्याला नाही जमायचं."

काका त्या दिवशी घरी जवळजवळ पळत गेले. नोकरी राहिली! काकूंनी ऐकून घेतलं, एका बाहीची घडी घातली, मोडली, परत घातली.

"दर भागात?"

"दर भागात. का? तूच तर रडलीस."

"रडले ना. तेच म्हणते. दर आठवड्याला रडायला मला काय दुसरं काम नाही?"

"तुला कशातच सुख नाही!" काका ताडकन म्हणाले आणि त्या रात्री दोघे पाठीला पाठ लावून झोपले.

पुढच्या भागात काकांनी दार उघडलं. वाक्य पडलं, हात हलला, पण आता हाताच्या आधी डोकं हललं होतं. प्रेक्षकांनी उसासा टाकला. त्याच्या पुढच्या भागात उसासा थोडा आधी आला. मग कोणीतरी उंबऱ्यावर एक रिकामी वाटी ठेवायचं सुचवलं आणि वाटीवर उजेडाचा झोत. मग त्या वाटीला टाळ्या पडायला लागल्या. वहिनी दर वेळी साखरेचा डबा काढत. पहिल्या दिवशी उघडून बघितला होता, आता न उघडताच आणत, कारण आत काहीच नसे. त्यांनी एकदा बोळकांड्याकडे बघून डोळे मिटले. काकांना कळलं, त्यांनाही हे नकोसं झालं होतं.

घरी इस्त्री सुर्रकन पुढे जात होती.

आणि मग एके दिवशी तालमीत नवं टिपण आलं. दार रिकामं उघडणार, लोक उसासा टाकणार, आणि भोंगा खालून उसळी मारून ती वाटी पळवणार. "भॉक!" करायचं होतं त्याने. भोंग्यालासुद्धा कसंतरी वाटलं असावं. तो काकांच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, त्यांना चाललं असतं का हो हे?" पहिल्यांदाच त्याचा हळू आवाज ऐकू आला.

काका तसेच बाईंकडे गेले.

"मला हे नाही जमायचं."

"भोंग्याचं काढून टाकू का? नुसतं रिकामं ठेवू?"

"रिकामं तरी कुठे राहिलंय ते? पहिल्या दिवशी तिथे वाटीवाले नव्हते म्हणून लोक गप्प झाले. आता तिथे वाटी आहे, दिवा आहे, टाळ्या आहेत. चांगली गर्दी आहे."

बाई रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या खुर्चीत मागे टेकल्या. "काका, मला सांगा, नवव्या पर्वात दर आठवड्याला मी नवीन काय आणू? माणसं तीच, घर तेच. एक गोष्ट लोकांना भिडली. ती टाकून देऊ? तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. डोकं खाजवलं. नव्हतं. बाईंचंही खरं होतं. दर आठवड्याला लोकांना हसवायचं म्हणजे दर आठवड्याला नवं झाड तोडून नवं दार करण्यासारखं होतं.

"ते मला नाही ठाऊक," ते म्हणाले. "पण मी एकदा चुकलो, ते चुकलो. रोज चुकायला मला येत नाही. कोणाला येत असेल तर बसवा त्याला."

"मग दिवा बसवावा लागेल, काका."

"बसवा. वायर मी काढून देतो, भिंतीत जागा मला माहीत आहे."

आणि दिली काढून! स्वतःच्या हाताने भोक पाडलं, दिवा बसवला, सरळ आहे ना ते दोन पावलं मागे जाऊन बघितलं. तालमीत वहिनी सरळ म्हणाल्या की आता आपल्याला डबा उचलवत नाही, आणि रिकामं दार बंद झालं. वाटीही गेली. पण दिवा लागला तो लागलाच. नीट चालत होता, त्याला काढायचं कारण काय? काका खुंटीवरची पिशवी घेऊन घरी आले.

पर्वाच्या शेवटच्या चित्रीकरणाचे दोन पास बाईंनी घरी पाठवले. काकूंनी ठेवणीतली साडी काढली. "इतकी वर्षं आले नाही. आले असते तर तुमची पाठसुद्धा दिसली नसती," त्या म्हणाल्या. काकाही कधी पुढे बसले नव्हते. खुर्चीत बसल्यावर त्यांना सगळंच लहान वाटलं. सोफा लहान, जिना लहान. दार मात्र चांगलं दिसत होतं. पॉलिश अजून टिकून होतं.

भाग सुरू झाला. "आवाज फार आहे," काकू कानाशी म्हणाल्या.

"ऐक तरी."

"ऐकतेय की. ते बाळ कुठंय?"

पण मग एका जागी घरधनी आणि वहिनी नुसते बसले होते, काही गोंधळ नव्हता. त्याने कप पुढे केला, तिने न बघता तो घेतला, आणि दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. पूर्वी अर्धा मिनिट असायचं. या वेळी बाईंनी ते राहू दिलं होतं. काकूंनी काकांकडे बघितलं आणि कबुली दिल्यासारखी मान हलवली.

मग आलाच गोंधळ. कपाटात एक, खाटेखाली एक. मालकांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. काय वाटलं त्या माणसाला कोण जाणे, वाक्य दुसरंच लिहिलेलं असणार. पण तो दाराकडे बघून सावकाश म्हणाला, "आता कोणी आलं नाही म्हणजे मिळवली."

दार बंदच राहिलं. दिवा त्या वाक्याला लागणारा नव्हता.

दोनेकशे माणसांच्या अंधारात काकांचा उजवा हात मात्र आपोआप उचलला गेला आणि जिथे कडी असती तिथे जाऊन थांबला. काकूंनी तो बघितला. त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या हातात दिली.

"धरा जरा," त्या म्हणाल्या. "मला चष्मा काढायचाय."